समर्पित रक्कम

मार्चचा शेवटचा आठवडा होता. टेबलावर देयकांचा ढीग, कोषागारात रांग, आणि वरून सारखी एकच विचारणा: "शिल्लक किती? समर्पित कधी करता?" खानदेशातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी तेव्हा नाझर होतो. नाझर म्हणजे न्यायालयाच्या पैशांचा आणि बेलिफांचा कारभारी. साहेब न्याय करतात, नाझर त्या न्यायाचा किराणा सांभाळतो, असं आमचे जुने शिरस्तेदार म्हणत. वर्षभरात जी रक्कम खर्च झाली नाही ती ३१ मार्चच्या आत सरकारला परत करायची. या परतीला आमच्या कागदी भाषेत 'समर्पित करणे' म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं. घरी आई रोज पोथी वाचायची. समर्पण हा शब्द मला तिच्या तोंडून माहीत होता. इथे खुर्च्यांच्या दुरुस्तीतून उरलेले तीनशे-साडेतीनशे रुपये समर्पित होत होते.

त्या वर्षी मी परत केलेल्या रकमांत साक्षीदार भत्त्याची एक रक्कम होती. पत्रातलं वाक्य ठरलेलं असे: 'प्रत्यक्ष खर्च अपेक्षेपेक्षा कमी झाल्याने सदर रक्कम समर्पित करण्यात येत आहे.' सही झाली, पत्र गेलं. वेळेत हिशेब दिल्याबद्दल मला दोन बरे शब्दही ऐकायला मिळाले. त्या वाक्यात चूक शोधायला गेलं तर काना-मात्रेचीही सापडणार नाही. तरी निवृत्तीनंतर सगळ्या नोकरीतलं कोणतं वाक्य आठवतं, असं कोणी विचारलं तर मी तेच सांगेन.

खटला अगदी साधा होता. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. आमच्याकडे यात नवीन काही नाही. केळीच्या बागा आणि कापसाची शेतं विहिरी-बोअरवर जगतात, रात्री शेतात कोणी नसतं. मोटार सोडवायची, आतली तांब्याची तार काढायची आणि भंगारात घालायची. पोलिसांनी बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोराला धरलं, तार जप्त केली. जप्तीच्या पंचनाम्याला माणूस हवा होता, म्हणून रस्त्याने जाणाऱ्या एका शेतमजुराला थांबवून पंच केलं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, पन्नाशी उलटलेली. नाव सांगत नाही. आपण त्याला आप्पा म्हणू.

आप्पा पहिलं समन्स घेऊन आला ते दिवस कापूस वेचणीचे होते. पहाटेची एसटी, मध्ये एकदा गाडी बदलायची, आणि साडेदहाला न्यायालयाच्या ओट्यावर हजर. पुकारा झाला तेव्हा आरोपीच नव्हता. आरोपी जिल्ह्याच्या कारागृहात. त्याला आणायचं तर पोलीस मुख्यालयाची एस्कॉर्ट पार्टी लागते. आणि पार्टीतली माणसं त्या दिवशी बंदोबस्ताला गेलेली. तारीख पडली. आप्पा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. इथे भाड्याचे पैसे मिळतात असं त्याला कोणीतरी सांगितलं असावं. ते खरंही होतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१२ प्रमाणे साक्षीला आलेल्या माणसाचा वाजवी खर्च सरकारने द्यावा, असा आदेश न्यायालय देऊ शकत असे. पण त्यासाठी आदेश हवा, पावती हवी आणि माझ्या पेटीत स्थायी अग्रिमाचे पैसे हवेत. अग्रिम संपलं होतं. मागची देयकं कोषागारातून सुटली की पुन्हा भरणार होतं. शिवाय साक्ष झालीच नव्हती.

"साक्ष झाली म्हणजे एकदमच घेऊन जा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. जाताना एवढंच विचारलं, "नाना, आते परत येनं पडी का?"

"समन्स येईल," मी म्हणालो आणि मान खाली घालून रजिस्टर लिहायला लागलो.

दुसऱ्या तारखेला सरकारी वकील नव्हते; त्यांच्याकडे दोन न्यायालयं होती आणि त्या दिवशी त्यांचं दुसरीकडे काम चालू होतं. तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांची बदली झालेली, नवे आलेले नाहीत, कार्यभार शेजारच्या तालुक्याकडे. दोन्ही वेळा आप्पा आला आणि ओट्यावर भाकर खाऊन परत गेला. चौथ्या समन्सची वेळच आली नाही.

ते पोरगं तोवर आतच होतं. त्याला जामीन मंजूर झाला होता. पण सातबारा घेऊन उभा राहील असा जामीनदार त्याच्या ओळखीत कोणी नव्हता. भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद होती. चौदा महिने आत काढल्यावर एके दिवशी त्याने उभं राहून गुन्हा कबूल असल्याचं सांगितलं. भोगलेली कैद हीच शिक्षा, असा निकाल झाला आणि संध्याकाळी तो सुटला. त्याने चोरी खरंच केली होती का, हे मला माहीत नाही. मात्र कबुली दिली तर आज घरी आणि दिली नाही तर पुढची तारीख, एवढा हिशेब त्या वयाच्या पोरालाही कळतो.

साक्ष झाली नाही, म्हणून भत्ता गेला नाही, म्हणून रक्कम उरली, म्हणून ती समर्पित झाली.

*

राज्याचा अर्थसंकल्प वर्तमानपत्रात येतो तो रस्ते, कर्जमाफी, सवलती यांच्या मथळ्यांनी. त्यामागे जाडजूड पुस्तकं असतात आणि त्यात प्रत्येक खर्चाला एक क्रमांक असतो. न्यायदानाचं मुख्य लेखाशीर्ष २०१४, पोलिसांचं २०५५, तुरुंगांचं २०५६. इमारतींचा बराच भाग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. २०१४ विधी व न्याय विभागाच्या मागणीत, तर पोलीस आणि कारागृहं गृह विभागाच्या. खालच्या न्यायालयात उभा राहणारा सरकारी अभियोक्ता अभियोग संचालनालयाचा, म्हणजे तोही गृह विभागाचा. अशी ही वेगवेगळी पानं. आणि त्या सगळ्या पानांवरून एकच माणूस चालत जात असतो.

आप्पाच्या पहिल्या तारखेचंच घ्या. एस्कॉर्टची गाडी निघाली नाही, म्हणून २०५५ च्या पानावर डिझेल आणि प्रवासभत्ता वाचला. त्याच दिवशी न्यायाधीश, लघुलेखक, शिपाई, वीज यांचा एक तास २०१४ च्या पानावर वाया गेला. पुढची तारीख महिन्याने पडली, तेव्हा त्या पोराच्या जेवणाचा, पहाऱ्याचा, औषधाचा महिनाभराचा खर्च २०५६ वर चढला. एका पानावरची बचत दुसऱ्या दोन पानांवर तोटा होऊन उतरली. पण ही पानं शेजारी ठेवून बेरीज करणारा कोणीच नाही. मुख्यालयातला लिपिक त्याच्या जागी बरोबर, तुरुंगातला त्याच्या जागी बरोबर, आणि मी माझ्या जागी. आणि आप्पाची बुडालेली तीन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं, वेचणीच्या दिवसांत मुकादमाची खाल्लेली बोलणी यांना तर पानच नाही. खरं म्हणजे फौजदारी न्यायाचा एक मोठा वाटा सरकारच्या तिजोरीतून जातच नाही. तो साक्षीदारांच्या, फिर्यादींच्या आणि कैद्यांच्या घरच्या लोकांच्या खिशातून जातो. तुरुंगातल्या पोराला कँटीनसाठी मनीऑर्डर पाठवणारी आईही या खर्चात वाटेकरी असते.

घटनेने न्यायालयांच्या पैशांत एक बारीक भेद केला आहे. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद २२९ प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीवर 'भारित' असतो. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा खर्च मात्र 'दत्तमत' म्हणजे मताला टाकायचा. उच्च न्यायालयाला सरकारच्या लहरीपासून जपावं हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण सामान्य माणसाची गाठ पडते ती तालुक्याच्या न्यायालयाशी. त्याच्या अंदाजपत्रकातली मोठी रक्कम पगारात जाते. उरलेल्यात कागद, टोनर, टपाल, वीज, झाडलोट आणि तळाशी कुठेतरी साक्षीदार भत्ता. काटकसरीचं परिपत्रक आलं की पगाराला हात लागत नाही. कात्री लागते ती तळाच्या ओळींना.

विधी आयोगाने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात सांगितलं की देशात दर दहा लाख लोकांमागे साधारण साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास हवेत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात हाच आकडा उचलून धरला. आज मंजूर पदं धरूनही आपण एकवीसच्या आसपास आहोत. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०१९ आणि २०२० च्या क्रमवारीत महाराष्ट्र मोठ्या राज्यांत पहिला होता. पुढच्या वेळी तो मान कर्नाटकाकडे गेला. पहिला क्रमांक आला तेव्हा आमच्या कचेरीत कोणी पेढे वाटले नाहीत, गेला तेव्हा कोणी हळहळलंही नाही. याच अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: न्यायपालिकेवर एकूण खर्चाच्या एक टक्काही खर्च न करणारी राज्यंच आपल्याकडे जवळजवळ सगळी आहेत.

*

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग पैसे वाढवा. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण एका अनुभवाने माझी ती खात्री डळमळली. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या पाच वर्षांसाठी न्यायदान सुधारायला देशभरातल्या राज्यांना ५००० कोटी रुपये देऊ केले होते. त्यातून सकाळ-संध्याकाळची न्यायालयं, लोकअदालती, न्यायाधीशांचं प्रशिक्षण, जुन्या वास्तूंची डागडुजी, न्यायालय व्यवस्थापकांची नेमणूक असं बरंच काही व्हायचं होतं. त्यातला मोठा भाग खर्चच झाला नाही. कारण कागदावर सोपं दिसणारं काम करायला माणसं लागतात. संध्याकाळचं न्यायालय चालवायचं तर न्यायाधीश, लिपिक, शिपाई, वकील, पोलीस हे सगळे दिवसभर राबलेलेच आणायचे. आणि साक्षीदाराला शेवटच्या एसटीची घाई. पैसा एका शीर्षाखाली आला, तो खर्च करणारे हात दुसऱ्या शीर्षाखाली रिकामे पडलेल्या पदांत अडकले होते. त्यामुळे पैसे नव्हते एवढं म्हणून भागत नाही. पैसे, माणूस आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच दारात पोहोचल्या नाहीत, हे जास्त खरं.

आप्पाच्या बाबतीतही तेच झालं. भत्त्याची तरतूद होती, समन्स होतं, आप्पा होता. मात्र तरतूद कोषागारात, आप्पा ओट्यावर आणि आरोपी तुरुंगात. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब या निकालात साक्षीदारांच्या या हालांवर कडक शब्दांत लिहिलं होतं: फेऱ्या मारायला लावतात, बसायला जागा नसते, खर्चही देत नाहीत. तो निकाल मी पुढे वाचला तेव्हा मला वाटलं, हा कोणीतरी आमच्या ओट्यावर बसून लिहिला आहे.

न्यायाला लागणारा वेळ हा केवळ गरिबांच्याच वाट्याला येतो असं नाही. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराची फिर्याद २००६ साली नोंदली गेली. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात, आणि निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. ४८ जणांना शिक्षा झाली, पुढे अपिलं झाली. साऱ्या राज्याचं लक्ष लागलेल्या खटल्याला पहिल्या पायरीवरच तेरा वर्षं लागली. जळगावच्या साक्षीदारांना एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर धुळ्याला जावं लागे. पण त्या खटल्यात निदान सगळ्यांना तारीख माहीत असे, वर्तमानपत्रं तारखा छापत. मोटारचोरीच्या खटल्याची तारीख फक्त आप्पाच्या खिशातल्या घडी पडलेल्या कागदावर असते.

*

धुळ्याचं कारागृह मराठी वाचकाला एका पुस्तकामुळे ठाऊक आहे. १९३२ साली विनोबा तिथे कैदेत होते, साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं दिली आणि गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. खानदेशातला सिद्धदोष बंदी आजही बहुधा धुळे-जळगावहून नाशिकरोडला जातो. माझ्या आईच्या पोथीशेजारी गीताप्रवचनांची प्रत असे. ही प्रवचनं तुरुंगात जन्मली हे आईला फार अभिमानाने सांगावंसं वाटे.

त्या आठवणीचा मोह मला आहे, तरी तिच्यापाशी जपून थांबतो. विनोबा-गुरुजींना आपण का आत आहोत हे माहीत होतं, आणि बाहेर त्यांची वाट पाहणारा देश होता. आजच्या जिल्हा कारागृहात बहुतेक जण न्यायाधीन बंदी असतात. लोकभाषेत कच्चे कैदी. देशभराच्या तुरुंगांत चारांतले तीन कच्चे. म्हणजे आपण ज्याला तुरुंगाचा खर्च म्हणतो, त्यातला बराचसा खर्च न्यायालयाच्या अपुऱ्या कामाचा असतो. जळगावच्या जिल्हा कारागृहाची क्षमता दोनशे. आत बहुधा दुप्पट माणसं. राज्यातली कारागृहं मिळून पाहिली तरी गेल्या काही वर्षांत क्षमतेच्या दीडपट कैदी राहिलेत. गर्दी झाली की मागणी होते नव्या बराकींची, नव्या जागेची. बराक बांधायला निविदा निघते, भूमिपूजन होतं, फोटो येतो. एका तारखेला आरोपी वेळेवर हजर केला तर फोटो येत नाही. पण बराकीतली एक जागा त्यानेही मोकळी होते, आणि फार स्वस्तात.

कैदेपेक्षा दुसरा खर्च स्वस्त पडतो, हा हिशेब खानदेशाने पूर्वी एकदा पाहिला आहे. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना जुमानत नव्हते. काही वर्षं फौजा धाडल्या, माणसं मारली, पकडली, गावं बसवून पाहिली. शेवटी १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत जेम्स औट्रम या तरुण लेफ्टनंटकडे भिल्ल पलटण उभारायचं काम आलं आणि तिचं ठाणं झालं धरणगावला. ज्यांना धरायला शिपाई पाठवायचे त्यांनाच पगारावर घेऊन शिपाई केलं. यात दयाबुद्धी शोधायला मी जाणार नाही. पाठलागापेक्षा पगार परवडतो, एवढा तो व्यापारी हिशेब होता. आणि याच राजवटीने १८७१ साली जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदाही केला. तरी धरणगावच्या त्या हिशेबात एक गोष्ट होती जी आज आपल्याकडे नाही. फौजेचा खर्च, तुरुंगाचा खर्च आणि पलटणीचा पगार हे तिन्ही आकडे एकाच माणसाच्या टेबलावर होते.

*

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. त्यात आप्पासाठी आणि त्या पोरासाठी काही चांगल्या गोष्टी आहेत. समन्स मोबाइलवर येऊ शकतं, साक्ष दृकश्राव्य माध्यमातून होऊ शकते. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद सोडून त्याला सोडावं असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं. तीन वर्षांच्या गुन्ह्याला म्हणजे बारा महिने. ते पोरगं आज असतं तर कबुलीच्या दोन महिने आधीच बाहेर आलं असतं, तेही कबुली न देता. जामीनदाराअभावी अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. २०२३ मध्ये तिच्यात जामिनासाठी ४०,००० आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून कोठडीची मुदत वाढवणं तर आता रोजचंच झालं आहे. एस्कॉर्टच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

पण नाझराचा जीव पहिल्यांदा शेवटच्या ओळीकडे जातो: पैसे कोणत्या शीर्षातून? सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ गेलाच पाहिजे, असं नवी संहिता म्हणते आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत देते. म्हणजे व्हॅन, रसायनं, तज्ज्ञांची पदं, आणि मागे पडलेले सीए म्हणजे रासायनिक विश्लेषणाचे रिपोर्ट काढायला आणखी माणसं. कायदा दिल्लीत होतो. पोलीस आणि तुरुंग हे राज्यसूचीतले विषय. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या न्यायमूर्ती जगन्नाथ राव समितीने २००८ सालीच सांगितलं होतं की नवा कायदा करताना न्यायालयांवर त्याचा किती बोजा पडेल तो अंदाज विधेयकाच्या वित्तीय ज्ञापनातच मांडावा. ही सवय आपल्या सरकारांना लागली नाही. घरात नवी सून आणायची आणि ताटं मोजायची नाहीत, तसं हे.

मला विचाराल तर फार मोठं काही मागायचं नाही. प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणारी समिती आहे. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असे तिथे एकत्र बसतात. म्हणजे २०१४, २०५५ आणि २०५६ ही तिन्ही पानं आधीच एका टेबलाभोवती जमतात. तिथे कोणाला सोडता येईल याची यादी होते. त्याच टेबलावर आणखी एक कागद ठेवावा: गेल्या महिन्यात किती तारखा आरोपी न आणल्यामुळे गेल्या, किती वकील नसल्यामुळे, किती पद रिकामं असल्यामुळे, त्यापायी कैदेचे किती दिवस वाढले, किती साक्षीदार परत गेले आणि त्यांतल्या किती जणांना भत्ता मिळाला. हे लिहायला नवी इमारत लागत नाही. रोजनाम्यात सगळं असतं; 'आरोपी हजर नाही', 'स.अ. (सरकारी अभियोक्ता) गैरहजर', 'पुढील तारीख'. पंचवीस वर्षं ते शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले. कोणी बेरीज मागितली नाही, आणि मीही स्वतःहून केली नाही. असा कागद मंत्रालयात पोहोचला तर पुढच्या वर्षी एस्कॉर्टचं डिझेल मागताना गृह विभागाला तुरुंगाचं पान उघडून दाखवता येईल: इथे एवढं द्या, तिथे एवढं वाचेल. आज ते दाखवायला कोणाकडे काही नाही.

यात माझा वाटा मी झाकत नाही. त्या दिवशी साहेबांकडून आदेश घेऊन, दुसऱ्या कोणत्या रकमेतून नियमात बसेल असं काहीतरी करून आप्पाचं भाडं देता आलं असतं का? बहुधा आलं असतं. निदान अर्ज लिहून घेता आला असता, म्हणजे पुढे कधीतरी देय झालं असतं. मी ते केलं नाही, कारण मला लेखापरीक्षणाची भीती होती आणि आप्पाची नव्हती. खर्च केला तर प्रश्न येतो, न केला तर शाबासकी येते, हे सरकारी नोकरीत पहिल्या वर्षीच शिकतो आपण.

खटला निकाली निघाल्यावर फाइल अभिलेख कक्षात पाठवण्याआधी पानं मोजून अनुक्रमणिका लावावी लागते. त्या दिवशी तो लिपिक रजेवर होता, म्हणून मीच बसलो. मोटारीच्या मालकाची फिर्याद, पंचनामा, दोषारोप, आणि मागे तीन समन्सच्या पोचपावत्या. प्रत्येकीवर जांभळ्या शाईतला एकच अंगठा; तिसऱ्यावर घाईत थोडा पसरलेला. मग मी साक्षीदार भत्त्याचं रजिस्टर उघडलं. त्यात पैसे मिळाल्याबद्दल अंगठा घ्यायला उजवीकडे एक मोठा रकाना असतो. आप्पाचा अंगठा त्या रकान्यात नव्हता. मी फाइलला दोरी बांधली, पानांची संख्या लिहिली आणि दुसऱ्या दिवशी समर्पणाचं पत्र टाइप करायला घेतलं.